आधी हसू, मग पाठ

मागच्या अंकात राब्बा नावाच्या यहुदी गुरूविषयी मी थोडंसं लिहिलं होतं. राब्बा हा बाबिलोनमधल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, पुंबेदिथा गावच्या पाठशाळेचा प्रमुख. काळ चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा. तालमुदात, म्हणजे आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, त्याच्याविषयी लिहिलंय की शिष्यांना धडा देण्याआधी तो काहीतरी गमतीचं बोलायचा, शिष्य मनापासून हसायचे आणि त्यानंतर तो देवाचं भय मनात धरून पाठाला बसायचा. एवढ्याशा मजकुरावर पुष्कळ पत्रं आली. त्यातली नाशिक आणि आसपासची पाच इथे घेते. नावं छापू नयेत असं काहींनी कळवलंय, म्हणून सगळ्यांचीच गाळली आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातली. माहेर अलिबाग तालुक्यातलं, सासर नाशिकरोडचं. शाळेत मराठी शिकवलं, म्हणून लोक अजून ‘बाई’च म्हणतात. कोकणात आमच्या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण आमचे तेलाचे घाणे शनिवारी, आमच्या शब्बाथला म्हणजे विसाव्याच्या दिवशी, बंद असायचे.

प्रश्न (पंचवटीहून, एक निवृत्त बँक कर्मचारी): बाई, मी गोदाघाटावर कीर्तनाला नेमानं बसतो. बुवा चिमटे काढतात, श्रोते हसतात, पण ते निरूपण कंटाळवाणं होऊ नये म्हणून. तुमचं लिखाण वाचून वाटलं की तुमच्याकडे खुद्द ग्रंथातच हसू आहे. देवाच्या वचनासमोर हसलं की श्रद्धा पातळ होत नाही का?

उत्तर: काका, नाही होत. या प्रश्नाला जरा जास्त जागा घेते, कारण बाकीच्या उत्तरांचं मूळही इथेच आहे.

तालमूद हा ग्रंथच वादांचा आहे. इसवी सन 200 च्या सुमारास मिश्ना नावाची धर्मनियमांची संहिता तयार झाली आणि पुढची तीनेकशे वर्षं बाबिलोनच्या पाठशाळांमध्ये तिच्यावर जो खल झाला, तो तालमुदात उतरला. आज छापतात त्या प्रतीची पानं 2,711, दोन्ही बाजूंनी भरलेली. पानाच्या मधोमध मूळ मजकूर आणि कडेनं भाष्यं. जो वादात हरला त्याचंही म्हणणं त्याच्या नावासकट जपलेलं. अभ्यासाची रीतही अशी की दोघांनी समोरासमोर बसायचं, मोठ्यानं वाचायचं आणि एकमेकांचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न करायचा.

आता त्यातली भट्टीची गोष्ट ऐका. मातीची एक भट्टी. तिचे काप करून, मध्ये वाळू घालून पुन्हा रचलेली. अशा भट्टीला विटाळ लागतो की नाही, यावर वाद पेटला. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, एलिएझर म्हणाले, लागत नाही. बाकीचे सगळे म्हणाले, लागतो. एलिएझरांनी होते नव्हते तेवढे मुद्दे मांडले, पण कुणी ऐकेना. तेव्हा ते म्हणाले, “माझं खरं असेल तर हे खरूबाचं झाड सांगेल.” झाड जागचं उठलं आणि 100 हात लांब जाऊन उभं राहिलं. पंडित म्हणाले, “झाडावरून धर्म ठरत नाही.” “मग हा ओढा सांगेल.” ओढा उलटा वाहायला लागला. “ओढ्यावरूनही ठरत नाही.” “मग पाठशाळेच्या भिंती सांगतील.” भिंती कलल्या. तेव्हा रब्बी यहोशुआ त्या भिंतींवरच ओरडले, “पंडित धर्माचा वाद घालताहेत, त्यात तुमचं काय काम?” तालमूद म्हणतो, यहोशुआंचा मान राखायचा म्हणून भिंती पडल्या नाहीत आणि एलिएझरांचा मान राखायचा म्हणून सरळही झाल्या नाहीत. तशाच कललेल्या राहिल्या.

शेवटी आकाशवाणी झाली, “एलिएझरशी कशाला भांडता? सगळीकडे त्याचंच म्हणणं बरोबर असतं.” यहोशुआ उभे राहिले आणि म्हणाले, “तोरा आकाशात नाही.” तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. हे वचन तोरातलंच आहे, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायातलं. सिनाय पर्वतावर देवानं तोरा माणसांच्या हाती दिली. आता निर्णय बहुमतानं, आकाशवाणीनं नाही.

पुढे रब्बी नाथान यांना एलियाहू संदेष्टा भेटला. त्यांनी विचारलं, “त्या क्षणी देव काय करत होता?” एलियाहू म्हणाला, “देव हसला आणि म्हणाला, माझ्या मुलांनी मला हरवलं, माझ्या मुलांनी मला हरवलं!”

काका, हा एलियाहू म्हणजे कोकणातल्या आमच्या प्रत्येक घराचा एलियाहू हनाबी. नवस फेडायचा, लग्न ठरलं, नवं घर घेतलं की आम्ही त्याच्या नावानं मलिदा करतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि बाजूला फळं. ताटाभोवती बसून प्रार्थना म्हणतात, मग वाटतात. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात, आमची माणसं तिथे दर्शनाला जातात. देवाच्या हसण्याची बातमी आणणारा हा असा आमच्या घरातला आहे. म्हणून ही गोष्ट मला परक्या देशातली कधी वाटलीच नाही.

पण ती सांगणारे बहुतेक जण देवाच्या हसण्यापाशी थांबतात, ते मला मान्य नाही. गोष्ट त्याच पानावर पुढे चालू राहते. जिंकलेल्या पंडितांनी एलिएझरांनी शुद्ध ठरवलेल्या सगळ्या वस्तू आणून जाळल्या आणि त्यांना वाळीत टाकायचं ठरवलं. ही बातमी त्यांना सांगायला कोण जाणार? रब्बी अकिवा म्हणाले, मी जातो. भलत्या कुणी जाऊन तोडून बोललं तर जगाचा नाश होईल. अकिवा काळे कपडे घालून गेले आणि एलिएझरांपासून चार हात अंतरावर बसले. एलिएझरांनी विचारलं, “आज काय वेगळं आहे?” अकिवा म्हणाले, “गुरुजी, सोबती तुमच्यापासून लांब होताहेत असं दिसतं.” एलिएझरांनी कपडे फाडले, जमिनीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या दिवशी जगातली एक तृतीयांश जैतुनं, एक तृतीयांश गहू आणि एक तृतीयांश जव करपून गेले.

आणि ही सगळी कथा तालमुदात कुठे घातली आहे? शब्दांनी दुसऱ्याला दुखावण्याच्या प्रकरणात! ती सांगणाऱ्याला देवाचं हसू सांगायचं होतंच, पण त्या हसण्यात एकटा कोण पडला हेही त्याला सांगायचं होतं. माझ्या धर्मातल्या हसण्याबद्दल मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. हसू आलं की भीती जाते आणि माणूस देवालाही प्रश्न विचारू शकतो. पण हसणाऱ्यानं कुणाचा चेहरा उतरला का, हेही बघायचं असतं.

प्रश्न विचारणं तर आमच्या पहिल्या पुरुषापासून चालत आलंय. सदोम नगरी जाळायला निघालेल्या देवाशी अब्राहामानं घासाघीस केली. 50 सज्जन सापडले तर वाचवशील? 45 असले तर? 40? 30? 20? 10? देवानं दर वेळी आकडा कबूल केला. हे वाचताना हसू येतंच, आणि त्या नगरीत 10 देखील नव्हते हे कळतं तेव्हा ते थांबतं. मोशेचीही एक गोष्ट आहे. देवानं त्याला हजाराहून जास्त वर्षं पुढच्या काळातल्या अकिवांच्या वर्गात आठव्या रांगेच्या मागे बसवलं. तिथे तोरावर काय बोलणं चाललंय ते खुद्द मोशेला कळेना. तो खिन्न झाला. तेवढ्यात एका शिष्यानं विचारलं, “गुरुजी, हे तुम्हाला कुठून कळलं?” अकिवा म्हणाले, “सिनायवर मोशेला दिलेल्या नियमातून.” तेव्हा मोशेचा जीव शांत झाला. मी शिक्षिका, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची.

बुवांच्या चिमट्यांना मात्र कमी लेखू नका. 1880 च्या सुमारास आमच्या समाजातल्या जाणत्या मंडळींनी मराठी कीर्तनाचाच घाट उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी पदांत लावली. शास्त्र आणि हसू एका बैठकीत आणायची रीत त्यांना इथल्याच मातीत सापडली.

प्रश्न (गंगापूर रोडवरून, एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी): बाई, मी पुरीम सणाचे व्हिडिओ बघितले. सिनेगॉगमध्ये पवित्र वाचन चाललंय आणि लोक वेषांतर करून आलेत, मध्येच खुळखुळे वाजवून आरडाओरडा करताहेत. हे धर्मात बसतं का? की हल्लीचं फॅड आहे?

उत्तर: अगं, फॅड अजिबात नाही. आमच्या आजीच्या पिढीत तर पुरीमला ‘होळीचा सण’ असंच म्हणायचे. तुमचं आणि आमचं दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि सूर्याशी मेळ घालायला अधिक महिना घेतात. आमच्याकडे 19 वर्षांत 7 वेळा. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या तिथीला, होळी फाल्गुन पौर्णिमेला. त्यामुळे पुष्कळदा दोन्ही सण अगदी लागून येतात.

तू पाहिलंस ते एस्तेरच्या ग्रंथाचं वाचन. पारसाच्या, म्हणजे इराणच्या, अहश्वेरोश राजाचं राज्य 127 प्रांतांचं. त्याचा प्रधान हामान सगळ्या यहुद्यांना एका दिवसात मारायचा हुकूम काढतो, का तर मर्दखय नावाचा एक यहुदी त्याच्यापुढे वाकत नाही. इतका भयंकर विषय, पण ग्रंथ लिहिलाय तो प्रहसनासारखा. एका रात्री राजाला झोप येत नाही म्हणून तो दरबाराची बखर वाचून घेतो. त्यात निघतं की मर्दखयानं एकदा त्याचा जीव वाचवला होता आणि त्याला बक्षीस काहीच मिळालं नव्हतं. तेवढ्यात हामान येतो, मर्दखयाला फाशी द्यायची परवानगी मागायला. त्याला तोंड उघडू न देता राजा विचारतो, “राजाच्या मनात एखाद्याचा सन्मान करायचा असेल तर काय करावं?” हामानाला वाटतं, माझ्याशिवाय दुसरा कोण असणार? तो सांगतो, राजाची वस्त्रं घालावीत, राजाच्या घोड्यावर बसवावं, आणि एखाद्या मोठ्या सरदारानं लगाम धरून नगरातून ललकारत फिरवावं. राजा म्हणतो, “छान. आता जा आणि मर्दखयाला असंच फिरव.” पुढे हामान 50 हात उंच खांबावर चढतो, तोही त्यानं मर्दखयासाठी उभारलेल्या. या अख्ख्या ग्रंथात देवाचं नाव एकदाही येत नाही.

वाचनात हामानाचं नाव आलं की गलका करायचा, म्हणजे ते नाव कुणाच्या कानावर पडू नये. लहान मुलं या क्षणाची वाट बघत बसतात आणि त्यासाठी सगळं वाचन कान देऊन ऐकतात. एवढा लांब ग्रंथ मुलांकडून शांतपणे ऐकून घ्यायची याहून चांगली युक्ती मला तरी माहीत नाही.

जुन्या नाशकातली रहाड, म्हणजे रंग खेळायचा हौद, वर्षभर मातीनं बुजवलेली असते, रंगपंचमीला उघडते आणि सण झाला की पुन्हा बुजवतात. पुरीमचं हसणंही असंच नेमलेल्या दिवसापुरतं, पण पूर्ण सूट असलेलं. त्या दिवशी शिष्य गुरूंच्या पाठाची नक्कल करतात. चौदाव्या शतकात इटलीत एका पंडितानं तालमुदाच्या भाषेत, तालमुदाच्याच वादांच्या चालीवर पुरीमचा एक पूर्ण विडंबन-अध्याय लिहिला होता. ज्याला मूळ ग्रंथ तोंडपाठ आहे त्यालाच असं विडंबन जमतं आणि तसाच वाचक त्यावर हसू शकतो. त्यामुळे असल्या हसण्यात अभ्यासाची परीक्षाच होते.

सूट किती घ्यायची हेही तालमूद गोष्टीतूनच सांगतो. त्यात एक मत असं आहे की पुरीमला माणसानं इतकं प्यावं की ‘हामान शापित’ आणि ‘मर्दखय धन्य’ यातला फरक कळेनासा व्हावा. याच्या लगेच पुढे येतं की राब्बा आणि रब्बी झेरा एकत्र पुरीमच्या जेवणाला बसले, प्यायले, आणि राब्बानं उठून झेराचा गळाच कापला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर प्रार्थना केली, झेरा जिवंत झाला. पुढच्या वर्षी राब्बानं पुन्हा आमंत्रण दिलं. झेरा म्हणाला, “दर वेळी चमत्कार घडेलच असं नाही.” दारूबंदीवर एवढं नेमकं भाषण मी दुसरं ऐकलेलं नाही.

आणि एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. पुरीमची कर्तव्यं चार आहेत. ग्रंथ ऐकणं, एखाद्या स्नेह्याकडे निदान दोन खायचे पदार्थ पाठवणं, निदान दोन गरिबांना दान देणं आणि जेवणाची पंगत. गरिबाच्या घरी हसू पोचवल्याशिवाय तुमची पंगत पुरी होत नाही.

प्रश्न (देवळालीहून, एक ज्येष्ठ नागरिक): सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळीत एक गृहस्थ यहुद्यांच्या कंजूषपणाचे विनोद सांगतात. “यहुदी स्वतःच असे विनोद करतात,” असंही म्हणतात. हसावं की नाही, समजत नाही.

उत्तर: हसू नका काका, आणि का हसलो नाही तेही त्यांना सांगा.

युरोपात शतकानुशतकं यहुद्यांना बऱ्याच ठिकाणी जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघांत शिरता येत नव्हतं. ख्रिस्ती माणसानं व्याजानं पैसे देणं चर्चला मान्य नव्हतं, पण कर्ज तर सगळ्यांनाच हवं असायचं. ते काम यहुद्यांवर ढकललं गेलं आणि मग त्याच कामावरून त्यांचा द्वेष केला गेला. हे विनोद त्या द्वेषातून आलेत, आणि त्या द्वेषानं माणसं मारली आहेत. आमच्या कोकणातल्या पूर्वजांनी घाणे हाकले, पुढच्या पिढ्या फौजेत, रेल्वेत, पोस्टात गेल्या. त्यांच्या वाट्याला भारतात असा द्वेष आला नाही, याबद्दल मला या देशाचं ऋण वाटतं. म्हणूनच तो द्वेष विनोदाच्या रूपानं गोदावरीच्या काठी आलेला मला सोसत नाही.

आमची माणसं आपसात सांगतात ते विनोद निराळे असतात. त्यातला एक सगळीकडे चालतो. एक यहुदी वर्षानुवर्षं निर्जन बेटावर अडकलेला. सुटका करायला जहाज येतं. कप्तान बघतो तर बेटावर दोन सिनेगॉग बांधलेली. “एकट्याला दोन कशाला?” तो म्हणतो, “या एकात मी प्रार्थना करतो. आणि त्या दुसऱ्यात मी पाऊलसुद्धा टाकणार नाही!” यात हसायला आहे ते आमचं मतभेदांचं वेड. सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसं लागतात, आणि त्या दहांमध्येही एकमत होणं अवघड. हा विनोद ऐकून कुठल्याही गावातला, कुठल्याही देवळाचा विश्वस्त स्वतःला ओळखेल.

तालमूद सांगतो की चारचौघांत दुसऱ्याला लाजवणं रक्त सांडण्यासारखं आहे. त्यावर एका पंडितानं म्हटलंय, खरंच, माणूस लाजला की त्याच्या चेहऱ्यावरची लाली जाऊन तो पांढरा पडतो, हे आम्ही पाहिलंय. त्या गृहस्थांना तुम्ही हा बेटावरचा विनोद सांगा. त्यांना विनोदाची आवड असेल तर ते तो घेतील.

प्रश्न (सिन्नरहून, एक गृहिणी): बाई, माझे यजमान उन्हाळ्यात गेले. येणारी माणसं मला हसवायला बघतात, जुन्या गमती काढतात. मला राग येतो, मग रागाचं वाईट वाटतं. तुमच्या धर्मात याबद्दल काही सांगितलंय का?

उत्तर: ताई, सांगितलंय. तुमचा राग रास्त आहे.

आमच्यात मृत्यूनंतर सात दिवस घरची माणसं खाली, जमिनीलगत बसतात. भेटायला येणाऱ्यानं गप्प बसायचं. शोक करणारा माणूस स्वतः बोलेपर्यंत सांत्वनाचा एक शब्दही काढायचा नाही, असं तालमूद स्पष्ट सांगतो. जेवण शेजारीपाजारी आणतात, घरच्यांनी पहिलं जेवण स्वतःच्या घरातलं करायचं नाही. राब्बाची गंमत पाठशाळेसाठी होती. सुतकाच्या घरात त्याच तालमुदानं पाहुण्याला मुकं राहायला लावलंय.

सात दिवस संपले म्हणजे दुःख संपलं, असं कुणीही म्हटलेलं नाही. आईवडिलांसाठी प्रार्थना तर अकरा महिने म्हणतात.

तुम्हाला एक गोष्ट सांगते. रोमन लोकांनी इसवी सन 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पाडलं. नंतर चार पंडित तिथे गेले, तर मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्यातून एक कोल्हा बाहेर पडताना दिसला. तिघं रडायला लागले, रब्बी अकिवा हसले. तिघांनी विचारलं, “का हसता?” त्यांनी विचारलं, “तुम्ही का रडता?” आधी तिघांनी आपलं रडणं सांगितलं, अकिवांनी ते पुरतं ऐकलं, आणि मग आपलं म्हणणं मांडलं: एका संदेष्ट्यानं हा नाश सांगितला होता, दुसऱ्यानं सांगितलंय की या नगरीच्या रस्त्यांवर पुन्हा म्हातारे-म्हाताऱ्या निवांत बसतील. पहिलं खरं झालं, म्हणजे दुसरंही होणार. तेव्हा ते तिघं म्हणाले, “अकिवा, तू आमचं सांत्वन केलंस.” ताई, रडणं चूक आहे असं अकिवा कुणालाही म्हणाले नाहीत.

आणखी एक. रब्बी बेरोका बाजारात उभे होते, बरोबर एलियाहू. त्यांनी विचारलं, “या बाजारात परलोकाचा वारसदार कुणी आहे का?” एलियाहूनं दोन भावांकडे बोट दाखवलं. रब्बींनी त्यांना धंदा विचारला. ते म्हणाले, “आम्ही हसवणारे आहोत. कुणी दुःखी दिसलं की त्याला हसवतो, दोघं भांडताना दिसले की खटपट करून त्यांचा समेट करतो.” एवढ्या बाजारातून एलियाहूनं निवडलेल्या मोजक्यांत हे दोघं होते. त्यांना माणसाचं दुःख आधी दिसायचं, हसवणं नंतर. तुमच्याकडे येणाऱ्यांना तुम्ही सरळ सांगू शकता, “आज नको, नुसते बसा.” ज्याला तुमची माया आहे तो बसेल. आणि एखाद्या दिवशी यजमानांची एखादी गंमत तुम्हालाच आठवली आणि सांगावीशी वाटली, तर बिनधास्त सांगा. त्यात त्यांच्याशी काही बेइमानी होत नाही.

प्रश्न (सातपूरहून, एक शिक्षक): सातवीच्या वर्गात वेगवेगळ्या धर्मांतल्या गोष्टी सांगतो. यहुदी परंपरेतली एखादी सुचवा. उपदेशाची नको, मुलं पळून जातात.

उत्तर: सर, दोन सुचवते.

छोटी हवी असेल तर हिलेल या जुन्या गुरूंची. दोघांनी 400 झुझची (झुझ म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) पैज लावली, हिलेलला कोण चिडवून दाखवतो. शुक्रवारी सूर्य मावळायच्या बेताला, शब्बाथच्या आधी, हिलेल डोकं धूत असताना एक जण दारात ओरडला, “हिलेल कुठाय?” हिलेल अंगावर कपडा ओढून बाहेर आले. “बाबिलोनच्या लोकांची डोकी गोल का असतात?” हिलेल स्वतः बाबिलोनचे! शांतपणे म्हणाले, “बाळा, मोठा प्रश्न विचारलास. तिथल्या सुइणी निष्णात नाहीत म्हणून.” तो गेला, थोड्या वेळानं परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. दर वेळी तसलाच प्रश्न, दर वेळी शांत उत्तर. शेवटी तोच वैतागला, “तुमच्यासारखे आणखी न होवोत! तुमच्यापायी माझे 400 झुझ गेले.” हिलेल म्हणाले, “तुझे 400 जावोत, आणखी 400 जावोत, हिलेल चिडणार नाही.” वर्गात दोन मुलांकडून ही करून घ्या, उत्तम रंगते.

मोठी म्हणजे योनाची. चारच छोटे अध्याय, मराठी बायबलमध्ये सहज मिळतील. आम्ही किप्पूरच्या उपवासाच्या दुपारी, पोटात अन्न नाही, पाणी नाही अशा वेळी ती सिनेगॉगमध्ये संपूर्ण वाचतो. वर्षातला सगळ्यात गंभीर दिवस आणि वाचायला ही गोष्ट! देव योनाला सांगतो, निनवे नगरीला जा आणि लोकांना इशारा दे. योना बरोबर उलट्या दिशेचं जहाज पकडतो. वादळ, समुद्र, माशाच्या पोटात तीन दिवस. मग निमूटपणे जातो आणि एकच वाक्य बोलतो, “आणखी 40 दिवसांनी निनवेचा नाश होईल.” बाकीच्या संदेष्ट्यांचं आयुष्य ओरडण्यात गेलं तरी कुणी ऐकलं नाही. योनाचं एक वाक्य, आणि अख्खं शहर सुधारतं. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. गाईगुरांनाही उपास, गाईगुरांच्या अंगावरही गोणपाट! देव क्षमा करतो, आणि योना रुसतो. आपलं भाकीत खोटं पडलं म्हणून शहराबाहेर जाऊन बसतो. देव त्याच्यावर सावलीला एक वेल वाढवतो, योना खूश. दुसऱ्या दिवशी किडा लागून वेल सुकतो, योना म्हणतो, “यापेक्षा मेलेलं बरं.” देव विचारतो, “जो वेल तू लावला नाहीस, वाढवला नाहीस, त्याचं तुला एवढं वाईट वाटतं. मग ज्या नगरीत उजवा-डावा हात न समजणारी 1,20,000 हून जास्त माणसं आहेत, आणि पुष्कळ गुरंही, तिचं मला वाईट वाटू नये?” ग्रंथ या प्रश्नावर संपतो. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही.

सांगताना गुरांच्या गोणपाटाचा भाग गाळू नका. मुलं हसतील, पोटभर हसू द्या, घाई करू नका. मग देवाचा शेवटचा प्रश्न फळ्यावर लिहा आणि योनानं काय उत्तर दिलं असेल ते प्रत्येकाला वहीत चार-पाच ओळींत लिहायला सांगा. जमलं तर वह्यांची पानं मला पाठवा. मुलांच्या आणि पालकांच्या परवानगीनं पुढच्या अंकात त्यातली काही इथे छापते.